आडातला पितळी डबा

आमच्या तार ऑफिसात माणसाला आत घ्यायच्या आधी त्याचा ताप बघायचे. खरंच सांगतो! तपासणीच्या खोलीच्या दारात आप्पा उभे असायचे, पालथा हात तुमच्या कपाळाला लावायचे अन म्हणायचे, "बिसी हाय. भाईर बस. निवू दे, मग ये." बिसी म्हणजे कानडीत गरम. आप्पा सीमेकडचे लिंगायत, बोलता बोलता मधेच कानडी यायची. ताप कुणालाच नसायचा. उन्हातून चालत आलेला, एवढाच काय तो गुन्हा.

कारण खोलीत पेटी होती.

आधी पेटीचं सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. तार जेवढी लांब तेवढा तिच्यात विजेला अडथळा जास्त. पेटी तो अडथळा मोजायची. कुणी रस्त्यात दोन तारा एकमेकींत पिळून ठेवल्या, की लाइन बंद. तुटलेली तार लांबून दिसते, पिळलेली दिसत नाही. मग आप्पा पेटी लावायचे, खुंट्या फिरवायचे, काटा बरोबर मधे आणायचे, आकडा घ्यायचे, अन कुठल्या खांबावर पीळ आहे ते बसल्या जागी सांगायचे. लाइनमन रहीमभाई सायकलवर निघायचे, त्या खांबावर चढायचे अन पीळ सोडवायचे. पेटीत रेडिओत असतात तसे दोन काचेचे व्हॉल्व्ह होते, ते तापून स्थिर व्हायलाच अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ आप्पा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. स्वतः खुंटी फिरवताना श्वास धरायचे.

आमचे हेडबाबू अंगानं भरलेले. त्यांना तर आप्पांनी वर्षभर आत येऊच दिलं नव्हतं.

"अहो, मी या ऑफिसचा हेड आहे!"

"हेड भाईरच ठिवा साहेब. तुमच्या अंगाची धग पेटीला लागती. तुमी जवळ आला की काटा तुमालाच सलाम करतोय."

हेडबाबू चिडायचे. पण आप्पांचा आकडा कधी चुकत नव्हता, त्यामुळं चिडूनही बाहेरच उभे राहायचे.

मी तेव्हा वीस-एकवीसचा, नवा तारबाबू. तार ठोकायच्या चाबीवर माझा हात लई पळायचा. आप्पांनी माझं नाव 'घाई' ठेवलं होतं. "ए घाई, पाणी पी." "घाई, सावलीत ये." भांडण असो, जेवण असो, कुणाचं लग्न ठरवायचं असो, आप्पांचा एकच मंत्र, आधी निवू द्या. चहासुद्धा निवलेला प्यायचे. साय धरलेला. बघवायचं नाही.

खांद्यावर कायम एक ओला पंचा. पेटीभोवती वाळ्याचे पडदे, पडद्यांवर दिवसातून चार वेळा पाणी. खोलीला वरून टिनाचं छप्पर होतं. धाराशिवचा उन्हाळा अन टिनाचं छप्पर! त्या छपराला आप्पा शिव्या द्यायचे त्या कानडीतच द्यायचे, म्हणून आम्ही कधी शिकलो नाही.

अन आड. ऑफिसच्या मागं एक आड होता. त्यात आप्पांनी एक पितळी डबा सोडला होता. डब्यात मेणानं बंद केलेली एक कॉइल, चाळीस खांबांच्या मापाची, कधी न बदलणारी. आडाच्या तळाला बारा महिने सारखाच गारवा, म्हणून डबा तिथं. डब्यापासून खोलीपर्यंत दोन जाड रबरी तारा. रोज सकाळी अन रोज दुपारी आप्पा पेटी डब्याला जोडायचे. पेटीनं 'चाळीस' म्हटलं तर पेटी खरी.

या डब्यावरून गोदाचं अन आप्पांचं रोजचं भांडण. गोदा ऑफिसात पाणी भरायची. माहेर वरच्या वाडीचं, नवरा गेलेला, तोंड असं की हेडबाबू तिला बघून रस्ता बदलायचे. तिची बादली हटकून डब्यावर आदळायची. धाण्ण!

"गोदे! अगं हळू!"

"आडात देव ठिवलाय का काय आप्पा? आमी पानी प्यावं का तुमच्या डब्याला आंघुळ घालावी?"

"त्यो देवापरीस खरं बोलतोय."

"मंग त्याला इचारा, माजा पगार कवा वाढनार." अन परत धाण्ण.

मुद्दाम करायची. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आप्पांनाही. डब्याचा दोर कधी गुंतला तर तिचा धाकटा भाऊ बापू आडात उतरायचा. दर बाजारच्या दिवशी वाडीहून शेवग्याच्या शेंगा घेऊन यायचा, वीसेक वर्षांचा, हसरा. खालून ओरडायचा, "आप्पा, हितं लई गार हाय! तुमीच या की खाली ऱ्हायला!" आप्पांना हे इतकं पटायचं की ते खरंच विचारात पडायचे.

तर आता पेटीचं दुखणं.

सकाळी पेटी डब्याला जोडली की चाळीस. दुपारी जोडली की छत्तीस, कधी पस्तीस. डबा तोच, पेटी तीच. म्हणजे उन्हानं पेटीच्या आत काहीतरी सरकत होतं. पण गंमत बघा, दुपारी लाइन बंद पडली अन आप्पांनी आकडा काढला, तर रहीमभाईंना पीळ बरोबर तिथंच सापडायचा. फार तर दोन-चार खांब इकडं-तिकडं. डब्याशी ताडली तर पेटी खोटी, अन लाइनीवर खरी!

रहीमभाई म्हणायचे, "सही निकलता ना आप्पा? तो छोडो ना फिर. चलती गाडी कू काहे कू छेडते?"

"खोट्या पेटीनं खरं उत्तर द्याचं म्हंजे चोरानं दान केल्यावानी हाय रहीम. आज करंल, उद्या घर फोडंल."

आप्पांना झोप लागेना. आधी व्हॉल्व्हवर संशय. ते काढून दुसरे लावले, काटा दुपारी सरकलाच. मग बॅटरीचे सेल. मग खुंट्यांचे पितळी टेकू घासून लख्ख केले. एक आख्खा पावसाळा गेला यात. शेवटी त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. शेगडीवर मीठ गरम केलं, फडक्यात बांधून त्याची पोटली केली, जशी आपण पाठ धरली की शेकायला करतो, अगदी तशी. अन पेटी उघडून एकेका कॉइलला शेक द्यायला बसले! पहिली कॉइल शेकली, काटा हलला नाही. निवू दिली. दुसरी. निवू दिली. मी दारात बसून मोजतोय. सातव्या कॉइलला पोटली लावली अन काटा असा सरकला, की मी ओरडलोच.

"ओरडू नगं घाई, तुजा श्वासबी गरम हाय."

मग पोटली बाजूला ठेवली. कॉइल उकलली. बाकी सगळ्या कॉइली खास मिश्र धातूच्या तारेच्या, जिला उन्हानं फरक पडत नाही. ही सातवी आतून काळी. कुण्या मिस्त्रीनं कधीतरी दुरुस्ती करताना बारीक लोखंडी तार गुंडाळून वरून लाख लावली होती. साधं लोखंड. तापलं की त्याचा अडथळा वाढणार, अन मापच फुगलं की आकडा कमी येणार, दुसरं काय?

खास तार आमच्या निजामी मुलखात मिळेना. आप्पा सोलापूरला गेले. ते इंग्रजी हद्दीत. तिथल्या जुन्या बाजारातून एक मोडका मीटर घेतला, त्यातली तार काढली, अन परतताना करोडगिरीच्या नाक्यावर झडती होईल म्हणून पटक्याच्या आत डोक्याभोवती गुंडाळून आणली. शिपायानं पिशवी उलटीपालटी केली, डोकं बघितलं नाही. आप्पा हे सांगताना हसले होते. मी त्यांना मनापासून हसताना तेव्हाच बघितलं.

नवी कॉइल बसवली. सकाळी चाळीस. भर दुपारी, टिन कडकड वाजत असताना, चाळीस! आप्पांनी ऑफिसात गूळ-खोबरं वाटलं. हेडबाबूंना खोलीत बोलावलं, पेटीशेजारी उभं केलं, तरी चाळीस. गोदाला म्हणाले, "आदळ आता बादली पायजे तेवडी!" गोदा म्हणाली, "आता काय मजा?"

काढलेली लोखंडी कॉइल आप्पांनी कागदात गुंडाळून खणात ठेवली. चोर पकडल्यासारखी.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातंय, पण सांगतो.

निजामाची ती शेवटची वर्षं. गावोगावी पोरं रात्रीतनं तारा पिळून ठेवायची, म्हणजे ठाण्याला खबर पोचू नये. आधी आमचा आकडा फक्त रहीमभाईंसाठी असायचा. मग हुकूम आला, आकडा पोलीस ठाण्यालाही कळवा. ज्या खांबावर पीळ, त्या खांबाजवळचं गाव. लॉरी जायची. हाताला लागतील तेवढे पुरुष उचलायची. आप्पांना हे आवडत नव्हतं, पण म्हणायचे, "आकडा कुनाच्या बाजूचा नसतोय. म्या खोटा द्यावा का? मंग पेटी कशाला, पान्यात दगड टाकून सांगावं." मी मान हलवायचो. त्यांचं पटायचं मला. आज वाटतं, तेवढीच एक गोष्ट त्यांनी निवू न देता मान्य केली होती.

चैतातली दुपार. लाइन अचानक बंद, दुरुस्तीनंतर भर दुपारी पहिल्यांदाच. अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे मोठे पोलीस अधिकारी, स्वतः लॉरी घेऊन दारात. "खंबा नंबर बोलो."

आप्पा सवयीनं म्हणाले, "निवू द्या साहेब. सांजंला देतो."

अन मी, मी मूर्ख, मोठ्यानं म्हणालो, "आप्पा, आता कशाला थांबायचं? पेटी तर दुरुस्त झाली! आता सकाळ काय अन दुपार काय!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तो अभिमान आला, मला अजून दिसतो. "व्हय की," म्हणाले. व्हॉल्व्ह तापवले, अर्धा तास थांबले, डब्याशी ताडलं, चाळीस. लाइनीला जोडलं. तीनशे पंचेचाळीस. चिठ्ठी मी लिहिली. पळत जाऊन मीच अमीनसाहेबांच्या हातात दिली.

तीनशे पंचेचाळीस म्हणजे वरची वाडी. गोदाचं माहेर.

लॉरीनं नऊ जण आणले. बापू त्यात होता. त्या दिवशी त्याच्या हातात शेंगांची टोपली होती, बाजाराला निघालेला.

दिवस मावळायच्या आत रहीमभाई परत आले. घामानं भिजलेले. आत आले, दार लावलं, अन हळूच म्हणाले, "आप्पा, तार तीनसौ पे मिली. तीनसौ पैंतालीस पे कुछ भी नई था. एक एक खंबा देखते देखते पीछे आया मैं. खालच्या वाडीजवळ."

"पंचेचाळीस खांब?" आप्पा म्हणाले. "दोन मैल? रहीम, पेटी चाळीस म्हनती. म्या सोता बगितलं."

"मैंने किसी कू बोला नई," रहीमभाई म्हणाले. "अन बोलनार बी नई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आप्पा ऑफिसात नव्हते. मला वाटलं ठाण्यात गेले. पण रहीमभाईंनी नंतर सांगितलं, आप्पांनी त्यांना गावाबाहेरच्या लाइनीवर नेलं, शिडी लावायला सांगितली, अन त्या वयात वर चढले. वर जाऊन तारेला पालथा हात लावला. माणसाच्या कपाळाला लावायचे तसा. तसाच धरून ठेवला. रहीमभाईंनी खालून हाका मारल्या तेव्हा काढला.

आले तेव्हा हाताची पाठ लाल होती. मी पाणी दिलं. त्यांनी भांडं रिकामं करून खाली ठेवलं. मग म्हणाले, "घाई, तार कशाची असती?"

"लोखंडाची."

"अन ती सातवी कॉइल?"

मला कळलं. बाहेर मैलोगणती तार उन्हात तापायची, तिचा अडथळा वाढायचा, पीळ लांब वाटायचा. आत टिनाखाली ती लोखंडी कॉइलही तेवढीच तापायची अन आकडा तेवढाच मागं ओढायची. दोन खोट्या एकमेकींना खात होत्या. आप्पांनी त्यातली एक दुरुस्त केली.

"सालभर म्या उन पेटीत हुडकलं," आप्पा म्हणाले. "वाळा लावला, पानी मारलं, मानसं भाईर बशिवली. तार उनातच व्हती की रे. तिला कुनी हात लावला न्हाय."

"आता अमीनसाहेबांना सांगायचं?" मी विचारलं. "आकडा चुकला म्हणून?"

"काय सांगू? तीनशे पंचेचाळीस न्हवं, तीनशे, आसं? मंग लॉरी खालच्या वाडीला जाईल."

हे मला सुचलंच नव्हतं. खरा आकडा सांगितला तर नऊ सुटतील अन दुसरे नऊ जातील. गप्प बसलं तर बापू आत.

आप्पांनी खण उघडला. कागदातून ती लोखंडी कॉइल काढली. जिच्यासाठी एक पावसाळा घालवला ती नवी कॉइल पेटीतून उपसली अन ती जुनी, खोटी, परत बसवली. मला म्हणाले, "शेगडी पेटव. मीठ टाक." अन रहीमभाईंना ठाण्यात पाठवलं, आकड्यात गडबड आहे, साहेबांनी समक्ष यावं म्हणून.

ऊन उतरल्यावर अमीनसाहेब आले. आप्पांनी त्यांच्या कपाळाला हात लावला नाही. तसेच बूट वाजवत आत येऊ दिलं.

"साहेब, ही पेटी खोटी हाय. पयल्यापासनंच खोटी हाय. म्या नोकरी जाईल म्हनून बोललो न्हाय."

या माणसानं उभ्या जन्मात एक खांबाचा खोटा आकडा दिला नव्हता.

"क्या बकते हो?"

"बगा तुमी. तुमचं ठाणं कितव्या खांबावर?"

"इकतीस."

आप्पांनी पेटी आडातल्या डब्याला जोडली. काटा मधे आणला. चाळीसच्या आसपास. मग गरम मिठाची पोटली सातव्या कॉइलला लावली अन खुंट्या फिरवत गेले. सदतीस. चौतीस. पोटली दाबून धरली, बोटं भाजत होती त्यांची. एकतीस. काटा मधे येऊन उभा राहिला.

"हे बगा साहेब. तार तुमच्या ठान्यात पिळलीया. जावा, धरा कुनाला धराचं ते."

अमीनसाहेबांनी त्यांच्या तोंडात मारली. पटका खाली पडला. आप्पा खाली वाकले नाहीत, पोटली तशीच धरून म्हणाले, "आनि कंचा पायजे? सांगा, काडून देतो."

अमीन निघून गेले. आप्पा माझ्याकडं वळले. "वरच्या ऑफिसला तार कर. पेटी नादुरुस्त, आजवरचे समदे आकडे रद्द. हेडबाबूंची सही घे." अन मग, पहिल्यांदा अन शेवटचं, ते म्हणाले, "घाई कर."

मी आयुष्यात एवढ्या जोरात चाबी वाजवली नाही. हेडबाबूंनी हूं की चूं न करता सही केली, हे त्यांचं सांगायला पाहिजे. पकडलेल्यांविरुद्ध कागदावर काय होतं? तो एक आकडा. आकडाच रद्द झाला. तिसऱ्या दिवशी नऊ जणांना सोडलं.

आठ जण चालत गेले. बापूला गाडीत घालून नेलं. मारानं आत काहीतरी फुटलं होतं, डॉक्टर म्हणाले. आप्पा अन मी वरच्या वाडीला गेलो. गोदा उशाशी बसली होती. आप्पांनी बापूच्या कपाळाला पालथा हात लावला. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, बिसी हाय. म्हणाले नाहीत. हात नुसताच उचलून घेतला अन ओला पंचा त्याच्या कपाळावर ठेवून बाहेर आले.

आठव्या दिवशी बापू गेला.

त्या दिवशी वाडीहून येताना वाटेत मी म्हणालो होतो, आप्पा, तुमची पेटी तर खरी होती. उगाच बोललो, काहीतरी बरं वाटावं म्हणून. ते म्हणाले, "खोटी व्हती तवर एकबी मानूस मेला न्हवता."

नोकरी जाणारच होती, गेली. शेवटच्या दिवशी आप्पा डबा काढायला आले. डबा सरकारी नव्हता, त्यांचा स्वतःचा. मी सोबत होतो. आडावर गोदा पाणी ओढत होती, तेराव्यानंतर पहिल्यांदाच कामावर आलेली. आम्हाला बघून थांबली नाही. बादली खाली सोडली. मी कान देऊन उभा, आता आदळेल. पण तिनं दोर अलगद बाजूला घेतला, डब्याला वळसा घालून बादली पाण्यात टेकवली. जरासुद्धा आवाज नाही. ओढली. परत सोडली. परत तसंच, डबा वाचवून.

आप्पा आडाच्या कठड्याला धरून उभे होते. तिसरी बादली खाली गेली तेव्हा म्हणाले, "गोदे, आदळ की एकदा."

तिनं मान वर केली नाही.

"आदळ गं. पाया पडतो तुज्या."

"न्हाय आप्पा," गोदा म्हणाली. "तुमची वस्तू निवाया ठिवलीया न्हवं. निवू द्या."

अन भरलेली बादली उचलून ती गेली. आप्पांनी डबा काढला नाही. दोर सोडून दिला अन तसेच उन्हातून मोटारीच्या थांब्याकडं निघाले, डोक्यावर पंचा न घेता.